घराची घडी आणि एका मुलीचा नकार

घराची घडी बसावयास तीन पिढ्या लागतात आणि ती विस्कटावयास घरातल्या पोरीचा एक शब्द पुरतो, असे आमच्या लहानपणी वडीलधारी मंडळी म्हणत असत. हे म्हणणाऱ्यांच्या मनात त्या पोरीविषयी नेहमी रागच असे असे नाही. पुष्कळदा त्यात भीती असे, आणि आता विचार करता वाटते की, क्वचित थोडे कौतुकही असे. परंतु त्या वाक्यात एक गोष्ट सिद्ध झाल्यासारखी धरून चाललेली आहे, आणि ती तशी धरून चालण्याइतकी सोपी नाही. घडी विस्कटली, तर दोष कोणाकडे? 'नाही' म्हणणाऱ्या मुलीकडे, की ती 'नाही' म्हणणारच नाही या भरवशावर ज्यांनी घडी घातली त्यांच्याकडे? आणि नकार देण्याचा तिला हक्क आहे असे मान्य केले, तरी त्या नकाराचा भार ज्यांच्यावर पडतो त्यांचे ती काही देणे लागते की नाही? या दोन प्रश्नांचा यथामति विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

आमचे घर महाड तालुक्यातील नाते या गावचे. महाडहून रायगडाकडे जाणाऱ्या रस्त्यावर हे गाव लागते. त्याच रस्त्याने पुढे गेले की पाचाड, जिजाबाईंची समाधी आणि मग गड. गडाकडे जाणारे यात्रेकरू नात्यास सहसा थांबत नाहीत. तथापि या गावास स्वतःचा असा एक अभिमान आहे. चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी येथे झाला. ते १९१२ साली मॅट्रिकच्या परीक्षेत पहिले आले, संस्कृताची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळविली, केंब्रिजला शिकून १९१८ साली सनदी नोकरीच्या परीक्षेतही पहिला क्रमांक पटकाविला, १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि १९५० ते १९५६ या काळात देशाचे अर्थमंत्री होते. आमच्या बालपणी अभ्यासाचा कंटाळा करणाऱ्या मुलाला या नावाचा धाक घालून बसविण्याचा परिपाठ होता, आणि त्या धाकाने आम्हीही पुष्कळदा बसलो आहो. मात्र त्याच नावाला जोडून येणाऱ्या दुसऱ्या एका नावाची गोष्ट सांगून कोणा मुलीला अभ्यासास बसविल्याचे आमच्या कानी कधी आले नाही. ते नाव दुर्गाबाईंचे. या नावाची गोष्ट मुलींना सांगणे आमच्या घरांना थोडे अडचणीचे होते, हे त्याचे कारण असावे असे आम्हांस वाटते.

दुर्गाबाईंचा जन्म १५ जुलै १९०९ रोजी आंध्रात राजमहेंद्री येथे झाला. वयाच्या आठव्या वर्षी त्यांचा विवाह सुब्बाराव नामक मुलाशी लावून देण्यात आला. यात त्या काळच्या रीतीहून काही निराळे नव्हते. गोदावरीच्या उगमाकडे काय आणि मुखाकडे काय, आठ वर्षांच्या मुलीला विचारण्याची चाल कोठेच नव्हती. निराळी होती ती मुलगी. बारा वर्षांची असताना इंग्रजी माध्यमाचा निषेध म्हणून तिने शाळा सोडली, आणि पुढे मुलींना हिंदी शिकविण्यासाठी स्वतःच पाठशाळा काढली. १९२१ साली गांधीजी काकीनाड्यास येणार असे कळताच, देवदासींनी आणि पडद्यातील मुसलमान स्त्रियांनी त्यांना भेटले पाहिजे असा हट्ट तिने धरला. कार्यक्रम ठरविणाऱ्यांनी पाच हजार रुपये जमविण्याची अट घातली, ती तिने पुरी केली, आणि गांधीजींचे भाषण तेलुगूत समजावून देण्याचे कामही तिच्याकडेच आले. १९२३ साली काकीनाड्यास काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा खादी-प्रदर्शनाच्या दाराशी स्वयंसेविका म्हणून उभ्या असलेल्या या चौदा वर्षांच्या मुलीने तिकिटावाचून आत येऊ पाहणाऱ्या जवाहरलाल नेहरूंना अडविले, ही कथा प्रसिद्धच आहे. तिकीट आणून दिल्यावर तिने त्यांना आत सोडले.

या सर्व गोष्टी आपण आनंदाने सांगतो आणि ऐकतो. नेहरूंना अडविणारी मुलगी कोणाला आवडणार नाही? परंतु त्यानंतर लवकरच, पंधराव्या वर्षाच्या सुमारास, तिने आणखी एकाला दाराशी अडविले, आणि तो प्रसंग सांगताना आपला आवाज थोडा खाली येतो. सासरी नांदावयास जाण्याची वेळ आली तेव्हा तिने पतीस स्पष्ट सांगितले की, आपला मार्ग निराळा आहे, आपल्याबरोबर त्याला सुख लाभणार नाही, त्याने दुसरा विवाह करावा. तिच्या वडिलांनी आणि भावाने तिची बाजू घेतली. सुब्बारावांनी पुढे दुसरा विवाह केला.

दोन घरांची घडी येथे विस्कटली. आणि आमचा पहिला प्रश्न येथेच उभा राहतो.

घराच्या बाजूने जे सांगण्यासारखे आहे ते आधी सांगणे न्यायाचे होईल. कारण ज्यांनी आमच्यासारखी मिल आणि आगरकर वाचून पदवी मिळविली, त्यांना घराविरुद्ध बोलणे फार सोपे जाते. घर म्हणजे केवळ जुलमाचे यंत्र नव्हे. कोकणातल्या जुन्या घरांत पुरुष मुंबईस असत, पैसा मनीऑर्डरीने येई, आणि शेत, गुरे, सण, आजार, पाहुणे हे सारे घरी राहिलेल्या माणसांनी सांभाळावयाचे असे. त्या घरात अर्धांगाने पडलेल्या आजीला रात्री पाणी पाजणारे कोणी तरी असे. पोरक्या पुतण्याला कोणी न मागता ताट वाढी. ज्याला कमावता येत नाही अशा चुलत्याला ओटीवर जागा आणि बोलण्यात मान मिळे. हे कोणत्याही करारात लिहिलेले नव्हते. प्रत्येकाने आपली थोडी थोडी इच्छा बाजूस ठेविली म्हणून ते चालत असे. प्रत्येक जण 'माझे मन' असे म्हणू लागला, तर रात्री उठून आजीला पाणी कोण देणार, हा सनातनी माणसाचा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही. ग्रीक नाटककार सोफोक्लिज याच्या 'अँटिगनी'विषयी लिहिताना हेगेलने म्हटले आहे की, खरी शोकांतिका न्याय आणि अन्याय यांच्या झगड्यातून होत नसून दोन न्याय्य बाजूंच्या झगड्यातून होते. घरातील भांडणेही पुष्कळदा अशीच असतात, असे म्हणण्याचा मोह आम्हांस बरीच वर्षे होता.

परंतु हा युक्तिवाद एका ठिकाणी अडतो. प्रत्येकाने इच्छा बाजूस ठेविली, असे आपण म्हणतो. ठेविली, की काढून घेण्यात आली? त्याग आणि वसुली या दोन गोष्टी बाहेरून सारख्याच दिसतात. दोहोंतही एकाजवळचे दुसऱ्याकडे जाते. भेद एवढाच की, त्याग करणाऱ्यास तो न करण्याची मोकळीक असते. जिला 'नाही' म्हणता येत नाही, तिच्या 'होय' ला सोयीपलीकडे काय मोल आहे? आठ वर्षांच्या मुलीने मांडवात मान खाली घातली, याला आपण तिचे शील म्हणतो. वस्तुतः ते तिचे वय असते. अशा 'होय' वर उभे राहिलेले घर तिच्या प्रेमावर उभे असते असे म्हणता येत नाही, कारण ते प्रेम आहे की नाही हे पाहण्याची संधीच त्याने कधी घेतलेली नसते. म्हणजे घराला खऱ्या निष्ठेची आवड असेल, तर नकाराची वाट त्याने स्वतःसाठीच उघडी ठेविली पाहिजे. दार बाहेरून लावलेल्या खोलीत बसलेल्या माणसाला 'हा किती घरकोंबडा आहे' असे म्हणणे हास्यास्पद होय.

हा विचार पाश्चात्त्य आहे असे कोणी म्हणतील. त्यांना आम्ही आमच्याच नदीची आठवण करून देतो. महाबळेश्वरी उगम पावून पोलादपूर आणि महाड यांवरून वाहत जाणाऱ्या आमच्या नदीचे नाव सावित्री. ज्येष्ठी पौर्णिमेस तिच्या काठच्या गावोगावी सुवासिनी वडाला सूत गुंडाळतात आणि आज्ञाधारक पत्नीचा आदर्श म्हणून सावित्रीची कथा ऐकतात. पण महाभारतातील ती कथा नीट वाचावी. राजा अश्वपतीने मुलीला आपला वर आपणच शोधण्यास धाडले. ती परत आली तेव्हा नारदाने सांगितले की, सत्यवानाचे आयुष्य एका वर्षाचे आहे. बापाने तिला दुसरा वर पाहण्यास सांगितले. एका बाजूस पिता, दुसऱ्या बाजूस देवर्षी. आणि त्या दोघांसमोर ती मुलगी 'नाही' म्हणाली. जिने मनाने एकदा निवड केली ती पुन्हा करणार नाही, एवढेच तिचे म्हणणे होते. यमाच्या मागे जाण्याचे जे धैर्य आपण पूजितो, ते बापाच्या सभेत आधी दिसले होते. आपण कथेचा उत्तरार्ध व्रतात घेतला आणि पूर्वार्ध नदीत सोडला. तिची निष्ठा मोलाची ठरली, कारण ती तिने स्वतः निवडली होती. अश्वपतीने तिला आठव्या वर्षी सत्यवानाच्या गळ्यात बांधले असते, तर वडाखाली सांगण्यासारखे त्यात फारसे राहिले नसते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे मिळाल्यासारखे वाटते. मुलगी नकार देते तेव्हा घराची शांती ती मोडीत नाही; ती शांती कोणाच्या गप्प राहण्यावर चालली होती, एवढे ती उघड करते. परंतु येथे आमच्या सुशिक्षित वर्गाचा एक दोष मध्ये येतो, आणि तो सनातन्यांच्या दोषाहून कमी घातक नाही. आपण असा नकार मान्य करतो खरा. पण मागाहून, आणि यश पाहून.

डॉक्टर रखमाबाईंचे उदाहरण घ्या. अकराव्या वर्षी त्यांचे लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी झाले. वयात आल्यावर त्यांनी सासरी जाण्याचे नाकारले. १८८४ साली दादाजींनी मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्ही यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला. अपिलात तो फिरला. आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी पतीकडे नांदावयास जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम केला. तुरुंग पत्करीन, पण जाणार नाही, असे त्या म्हणाल्या. १८८८ साली दादाजींना दोन हजार रुपये देऊन प्रकरण मिटले. पुढे त्या विलायतेस गेल्या, १८९४ साली डॉक्टर झाल्या, आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी आयुष्यभर स्त्रियांची सेवा केली. ज्या काळी दावा चालू होता, त्या काळी केसरीसारखे वजनदार पत्रही त्यांच्या विरुद्ध होते. हिंदू घर बुडाले, अशी हाकाटी झाली. आज त्याच रखमाबाई आपल्या अभिमानाचा विषय आहेत.

आम्ही वाचकांस एवढेच विचारतो की, रखमाबाई डॉक्टर झाल्या नसत्या, तर १८८७ मधील त्यांचे 'नाही' चुकीचे ठरले असते काय? दुर्गाबाई पुढे मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेल्या, बाहेरून अभ्यास करून मॅट्रिक झाल्या, बी. ए. झाल्या, १९३७ साली मद्रासेस त्यांनी आंध्र महिला सभा स्थापिली, १९४२ साली कायद्याची पदवी घेतली, घटना-समितीत बसल्या, १९५२ साली नियोजन मंडळाच्या सभासद आणि पुढील वर्षी मध्यवर्ती समाजकल्याण मंडळाच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. हे सर्व खरे. परंतु पंधरा वर्षांच्या त्या मुलीने नकार दिला, तेव्हा यांपैकी काहीही झालेले नव्हते. तिच्या वडिलांच्या हाती कोणतीही हमी नव्हती. मुलगी उद्या देशाची घटना लिहावयास बसेल, की माहेरच्या परसात आयुष्य काढील, हे त्यांना ठाऊक नव्हते. तरी ते तिच्या बाजूने उभे राहिले. आमच्या मते या कथेतील विचार करण्यासारखी जागा ही आहे. पुढील मानसन्मानांत ती नाही. ज्याला जामीन मागून स्वातंत्र्य द्यावयाचे आहे, तो स्वातंत्र्य देत नाही, कर्ज देतो.

येथवर आम्ही इतरांविषयी लिहिले. आता आमच्या घराविषयी लिहिणे प्राप्त आहे. नाही तर वरील सर्व विवेचन वर्गातल्या व्याख्यानासारखे होईल, आणि वर्गात आम्ही हे पूर्वीही सांगत होतोच.

काही वर्षांपूर्वी आमची एक भाची वर्षभरासाठी नाते येथे आजोळी राहावयास आली. वय एकोणीस. आईवडील दूर बदलीच्या गावी, आणि मुलीला बाहेरून पदवीची परीक्षा द्यावयाची होती. घरी आमचे थोरले बंधू, वहिनी आणि वृद्ध मातोश्री. आम्ही कॉलेजच्या सुटीत जाणारे. पहिल्या महिन्यात घर तिच्यावर लुब्ध झाले. ती आजीला वर्तमानपत्र वाचून दाखवी, भातलावणीच्या दिवसांत चिखलात उतरे, ओटीवर बसून मोठ्याने हसे. वहिनी म्हणत, "कित्येक वर्षांनी घरात आवाज झाला."

मग एके रात्री जेवताना ती सहज म्हणाली की, आज दुपारी आपल्याकडे शेतावर येणाऱ्या बाईंच्या घरी नाचणीची भाकरी खाल्ली, अशी आपल्या घरी होत नाही. मातोश्रींनी हातातला घास पानात ठेविला. कोणी काही बोलले नाही. त्या बाईंसाठी आमच्या पडवीतल्या फळीवर एक निराळी कपबशी ठेविलेली असे. ती निराळी का, हे आम्ही कधी कोणाला विचारले नव्हते, कारण उत्तर सर्वांस ठाऊक होते. ज्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी डॉक्टर आंबेडकरांनी हजारो लोकांसह पाणी प्राशन केले, त्या तळ्यापासून आमचे घर तासाभराच्याही अंतरावर नाही. महाडच्या नगरपालिकेने ते तळे १९२४ सालीच सर्वांस खुले केल्याचा ठराव केला होता; पण ठराव कागदावर राहिला आणि गावात शांती राहिली. ती शांती कोणाच्या तहानेवर चालली होती, हे त्या दिवशी उघड झाले, आणि मग गाव विटाळले म्हणून तळे शुद्ध करण्याची धावपळ झाली. आम्ही हा इतिहास शिकविला आहे. आमच्या पडवीतील कपबशीशी त्याचा संबंध एका एकोणीस वर्षांच्या मुलीने जोडून दाखवीपर्यंत आम्ही तो जोडला नव्हता.

पुढे दिवाळीनंतर थोरल्या बंधूंनी तिच्या आईवडिलांच्या विचाराने तिच्यासाठी एक स्थळ आणिले. स्थळ चांगले होते. पाहुणे ओटीवर बसले, पोहे झाले, आणि मुलाच्या आईने काही विचारण्यापूर्वीच ती नम्रपणे म्हणाली, "काकू, मला एवढ्यात लग्न करायचे नाही. तुमचा वेळ जाऊ नये म्हणून आताच सांगते." पाहुणे सभ्य होते, निघून गेले. बंधू त्या रात्री जेवले नाहीत. त्यांनी शब्द टाकला होता, आणि पंचक्रोशीत शब्दावाचून त्यांच्याजवळ दुसरी मिळकत नव्हती. त्यांचे दुःख खरे होते, हे आम्ही मुद्दाम नमूद करतो. त्यांनी त्या मुलीला वर्षभर पोटच्या पोरीसारखे वागविले होते.

"तू शिकलेला आहेस, तूच तिला सांग," असे त्यांनी आम्हांस सांगितले. आम्ही तिला परसात बोलाविले आणि जे आम्ही म्हणालो ते आज लिहिताना लाज वाटते. "बाळ, तुझे म्हणणे बरोबर असेल, पण वेळ चुकली. मोठ्या मामांच्या वयाचा तरी विचार करायचा."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मामा, बरोबर वेळ कोणती ते तुम्ही सांगा, मी त्या वेळी बोलेन."

आम्हांस उत्तर देता आले नाही. साखरपुड्यानंतर की काय? लग्नानंतर? आजीच्या पश्चात? घराच्या दृष्टीने नकाराची बरोबर वेळ कधीच नसते, आणि ज्याची वेळ कधीच येत नाही त्याचा हक्क तत्त्वतः मान्य आहे म्हणणे, ही आमच्या वर्गाने शोधून काढलेली सर्वांत सभ्य अशी मनाई आहे. सनातनी माणूस निदान 'नाही' म्हणतो. आम्ही 'होय, पण आता नको' असे म्हणतो.

ती त्या वर्षाअखेर पुण्यास गेली. पुढे तिचे काय झाले, हे जाणण्याची वाचकांस इच्छा होईल. ते आम्ही सांगणार नाही. ती सुखी झाली असे सांगितले, तर वाचक तिचा नकार बरोबर होता म्हणतील. दुःखी झाली असे सांगितले, तर बंधूंचे बरोबर होते म्हणतील. आणि दोन्ही वेळा न्याय चुकेल. इब्सेनच्या १८७९ च्या नाटकात नोरा घराचे दार ओढून घेऊन निघून जाते आणि पडदा पडतो. बाहेर गेल्यावर तिचे काय झाले, हा प्रश्न त्यानंतर अनेकांनी विचारिला. परंतु नाटककाराने तो नाटकाबाहेर ठेविला, यातच त्याचा निर्णय आहे, असे आम्हांस वाटते. एवढे मात्र सांगण्यास हरकत नाही की, त्यानंतरच्या उन्हाळ्यात आम्ही घरी गेलो तेव्हा पडवीतली ती कपबशी फळीवर नव्हती. ती स्वयंपाकघरात इतर कपबशांबरोबर पालथी घातलेली होती. कोणी आत नेली, हे आम्ही विचारले नाही आणि कोणी सांगितले नाही. मातोश्री चहा पीत होत्या. घराची घडी मोडली होती असे म्हणावे, तर घर चालू होते. पूर्वीचीच घडी होती असे म्हणावे, तर तसेही नव्हते.

आता दुसरा प्रश्न. नकार देणाऱ्या मुलीवर काहीच देणे नाही काय? सुब्बारावांचाही बालविवाह झाला होता. त्यांनाही कोणी विचारले नव्हते. कायद्याने त्या काळी पुरुषास दुसऱ्या लग्नाची वाट मोकळी होती, स्त्रीस नव्हती; हिंदू पुरुषाची ती वाट १९५५ च्या कायद्याने बंद झाली. म्हणून त्यांच्या घराची घडी दुसरी मुलगी आणून पुन्हा बसविता आली. पण ही जी दुसरी मुलगी त्या जागी आली, तिचे काय? एकीने नाकारलेली जागा दुसरीने भरून काढिली, तर घर तसेच राहिले, माणूस तेवढा बदलला. स्वातंत्र्याविरुद्ध काढला जाणारा हा आक्षेप सर्वांत अवघड आहे, आणि तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांत आम्हांस त्याचे समाधानकारक उत्तर मिळाले नाही.

दुर्गाबाईंच्या चरित्रात मात्र एक गोष्ट आहे. १९४१ साली सुब्बाराव वारले. त्यांच्या मागे त्यांच्या दुसऱ्या पत्नीस अडचणीचे दिवस आले. तेव्हा दुर्गाबाईंनी तिला आंध्र महिला सभेत आणून तिच्या शिक्षणाची व्यवस्था केली, आणि ती स्वतःच्या पायावर उभी राहिली. जी जागा एकीने पंधराव्या वर्षी सोडिली, तीत सापडलेल्या दुसरीला बाहेर येण्यासाठी पहिलीने हात दिला.

याला नकाराची किंमत म्हणावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. किंमत म्हटली की ती न दिल्यास नकार रद्द होतो असा अर्थ होईल, आणि मग आपण पुन्हा जामिनाकडे आलो. दुर्गाबाईंनी हे केले नसते, तरी त्यांचा नकार तितकाच न्याय्य राहिला असता. पण एक खरे की, ज्याने स्वतःचे 'नाही' मनापासून उच्चारले, त्याला दुसऱ्याचे गिळलेले 'नाही' ऐकू येऊ लागते. स्वच्छंदी आणि स्वतंत्र यांतील भेद शोधावयाचा असला, तर तो येथे शोधावा. घरच्या मंडळींना कोण किती त्रासदायक झाले, यावरून तो ठरवू नये. स्वच्छंदी माणसास आपल्यापुरते दार उघडले म्हणजे पुरते. स्वतंत्र माणूस आपल्यामागून येणाऱ्यासाठी ते उघडे ठेवितो. आणि हा भेद दार उघडण्याच्या वेळी कोणासही दिसत नाही, मुलीला नाही आणि बापालाही नाही. म्हणून तो भेद आधी सिद्ध करून दाखव, मग दार उघडतो, असे म्हणण्याचा अधिकार घरास नाही.

२२ जानेवारी १९५३ रोजी दिल्लीत चिंतामणराव आणि दुर्गाबाई यांचा विवाह झाला. साक्षीदारांपैकी एक जवाहरलाल नेहरू होते. त्या वेळी चिंतामणराव सत्तावन्न वर्षांचे आणि दुर्गाबाई त्रेचाळीस वर्षांच्या होत्या. दोघेही 'नाही' म्हणू शकत होते, आणि दोघे 'होय' म्हणाले. असे 'होय' ज्या घराच्या पायाशी असते, त्या घरात आजीला रात्री पाणी देणारे कोणी मिळणार नाही, अशी भीती आम्हांस वाटत नाही. १९७५ साली त्या दोघांनाही पद्मविभूषण मिळाले. १९८१ साली दुर्गाबाई गेल्या, आणि पुढील वर्षी चिंतामणराव.

असो. आमच्या गावी मुलांना चिंतामणरावांचे नाव सांगून अभ्यासाला बसविण्याची रीत चांगली आहे, ती चालावी. मुलींना दुर्गाबाईंचे नाव सांगण्याची रीतही आता पडावी. परंतु त्यांना मंडळांच्या अध्यक्षा दुर्गाबाई सांगू नयेत. ती गोष्ट सोपी आहे आणि तिचा घरात कोणाला उपद्रव नाही. त्यांना ती पंधरा वर्षांची, अजून काहीही करून न दाखविलेली मुलगी सांगावी, आणि तिच्या बाजूने उभा राहिलेला तिचा बाप सांगावा. आमच्या भाचीने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आम्ही त्या दिवशी परसात दिले नाही. ते उशिराने का होईना येथे देतो: बरोबर वेळ तीच होती.